काथ्याची हँगिंग बास्केट: पावसाळा ते उन्हाळा वापरून

सांगलीच्या उन्हात तारेची, आत काथ्याचं अस्तर असलेली बास्केट टिकते का, असं शेजारीपाजारी सारखं विचारतात. विश्रामबागेत आमच्या पूर्वेकडच्या गॅलरीत १२ इंची बास्केट गेल्या पावसाळ्यापासून टांगलेली आहे. टिकते, पण आत काय भरता यावर सगळं आहे.

आपली काळी माती यात घालू नका. शेतात ती सोनं आहे. टांगलेल्या भांड्यात मात्र ओली झाली की चिकटून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आक्रसते, कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी थेट खालच्या मजल्यावर जातं. मी निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बाकी गांडूळखत आणि थोडं परलाइट (भाजून फुगवलेले हलके पांढरे खडे) घेतलं. हे हलकं असलं तरी भिजल्यावर वजन चांगलंच भरतं, त्यामुळे हुक स्लॅबमध्ये अँकर फास्टनरनेच (भोकात फुलून घट्ट बसणारा बोल्ट) बसवा.

काथ्यातून चारी बाजूंनी हवा खेळते, म्हणून मुळं कुजत नाहीत. पण पाणीही तसंच उडतं. यावर उपाय म्हणजे अस्तराच्या आत जाड प्लास्टिक घालायचं आणि त्याला तळाशी भोकं पाडायची. उन्हाळ्यात या एका गोष्टीने फार फरक पडला.

पावसाळ्यात वांडरिंग ज्यू (रंगीत पानांचं, खाली लोंबणारं रोप), दिवाळीनंतर पिटुनिया. पिटुनियाने थंडीभर गॅलरी भरून टाकली, वाळलेली फुलं मात्र रोज खुडावी लागतात. मार्चमध्ये ती मान टाकते, तेव्हा चिनी गुलाबाच्या काड्या खोचल्या. त्याला ऊनच लागतं. खत म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं), लिटरला १ ग्रॅम, पंधरवड्याने. द्राक्षवाल्यांमुळे आपल्याकडे ते कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं.

एप्रिलमध्ये कोकोपीट एकदा कोरडंठाक झालं की वरून घातलेलं पाणी शोषत नाही, कडेने वाहून जातं. अशा वेळी बास्केट उतरवून पाण्याच्या बादलीत बुडवायची. बुडबुड फुगे येत राहतात. ते थांबले की काढून निथळू द्यायची. संध्याकाळपर्यंत रोप ताठ उभं राहतं.

तक्रार एकच, अस्तराची. घरट्यासाठी चिमण्या त्यातले धागे ओढून नेतात आणि एका बाजूने ते विरळ झालं आहे. चिमण्यांना मी हाकलत नाही. तारेचा सांगाडा ठणठणीत आहे, नुसतं अस्तर वेगळं मिळतं, ते जूनआधी बदलेन. घेताना अस्तर उजेडासमोर धरून बघा. आरपार दिसत असेल तर घेऊ नका.