इंजिन गाडीतच उघडायचं की खाली उतरवायचं?

जुन्या डिझेल गाडीचं इंजिन काम घरी करायचं ठरलं की रिंगा आणि बेअरिंग कोणत्या कंपनीचे घ्यायचे याच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते. इंजिन जागेवर ठेवून वरून हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि खालून चेंबर (ऑइलचं तळाचं भांडं) काढून काम उरकायचं, की चेन पुली (वजन उचलायची साखळीची कप्पी) लावून अख्खं इंजिन बाहेर घ्यायचं? मी दोन वेगवेगळ्या गाड्यांवर दोन्ही केलं आहे, दोन्ही वेळा कोल्हापुरात घरामागच्या शेडमध्ये. त्यामुळे हे मोजमाप नाही, अनुभव आहे, आणि तुमची गाडी, जागा, अंगातली ताकद वेगळी असेल तर उत्तरही वेगळं निघू शकेल.

डोळ्यांपुढे ठेवल्यात त्या बोलेरो, सुमो, क्वालिस, जुनी स्कॉर्पिओ यांसारख्या गाड्या. वेगळी चासी, पुढून मागे लांबीत बसलेलं इंजिन, त्याच्या मागे गिअरबॉक्स. अलीकडच्या मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या, एसयूव्हींमध्ये बऱ्याचदा इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र खालूनच उतरवावे लागतात, त्यांना हा हिशोब लागू नाही.

काही कामांत वाद घालायलाच नको. नुसतं हेड गॅस्केट गेलं असेल, वॉल्व्ह घासायचे असतील, तर इंजिन खाली घेणं म्हणजे उगाच कष्ट. हेड काढा, लेथवर नेऊन सपाटी तपासून घ्या, परत बसवा. उलट ऑइल प्रेशर पडलंय, खालून ठोका येतोय, म्हणजे क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड होणार हे उघड असेल, तर क्रँक गाडीत राहून ग्राइंड होत नाही. ०.२५ मिमी, म्हणजे लेथवाल्याच्या हिशोबात दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), उतरवायचे तरी क्रँक त्याच्या मशीनवर गेलाच पाहिजे. ते फुल इंजिन काम, तिथे इंजिन बाहेर येणारच.

खरा प्रश्न मधल्या इंजिनांचा आहे. सकाळी निळा धूर, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सुटायच्या नळीतून) बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांपाशी गळून येणारा दाब, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल टाकावं लागतं, पण प्रेशर ठीक आणि ठोका नाही. मिस्त्री याला हाफ इंजिन म्हणतात: रिंगा, वॉल्व्ह, रॉड बेअरिंग, पॅकिंग सेट. हे काम दोन्ही पद्धतींनी होतं आणि निवड करणं इथेच अवघड जातं.

गाडीतच काम करण्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. इंजिनाच्या पायांना (ज्यांवर ते चासीला बसतं) हात लावावा लागत नाही, गिअरबॉक्स जागेवर राहतो, वायरिंगचा बराचसा भाग तसाच राहतो. एकट्याने करता येतं, संध्याकाळी थोडं, रविवारी थोडं. चेन पुली, ती टांगायला भक्कम तुळई आणि उचलताना सोबतीला माणूस, यातलं काहीच लागत नाही. चार सिलिंडरचं ओतीव ब्लॉकचं डिझेल इंजिन सगळ्या साहित्यासह २०० किलोच्या पुढे जातं, ते हवेत लटकलेलं असताना काळजात धस्स होतंच. ही भीती ज्यांना नको त्यांना मी नावं ठेवणार नाही. शेडच्या पत्र्याचा पाइप हे वजन पेलणार नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो. तिथे इंजिन टांगू नका.

पण चेंबर काढायला गेलात की चित्र बदलतं. बऱ्याच गाड्यांत चेंबरखालून चासीचा आडवा मेंबर जातो, फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा डिफरन्शियलही तिथेच. चेंबरचे बोल्ट सुटतात, पण चेंबर बाहेर येत नाही. आत ऑइल पंपाची जाळी अडते, बाहेर मेंबर अडतो. मग इंजिनाचे पाय सोडायचे, रेडिएटरचे पाइप आणि फॅन काढायचा, सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडायचा आणि इंजिन दोन-तीन इंच उचलून खाली लाकडी ठोकळे द्यायचे. एवढं केल्यावर इंजिन बाहेर काढायला बाकी काय उरलं, हे तुम्हीच मोजा: बेलहाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे) बोल्ट, काही वायरी आणि डिझेलचे पाइप.

तरीही पहिल्या गाडीच्या वेळी मी इंजिन गाडीतच ठेवलं. काम पुरं झालं आणि धूरही गेला. पुढच्या गाडीला पद्धत बदलायला लावली ती तेलाच्या ठिबकण्याने.

ऑइल काढलं, फिल्टर काढला, चेंबर खाली आलं, की आता आत काही उरलं नाही असं वाटतं. प्रत्यक्षात क्रँकच्या आतल्या छिद्रांत, पंपात, बेअरिंगच्या फटींत, सिलिंडरच्या भिंतींवर तेल भरलेलंच असतं आणि ते थेंबाथेंबाने उतरत राहतं. भिजलेली घोंगडी खुंटीला टांगली की रात्रभर गळते, तसं. बेअरिंग कॅप सोडली की ते कोपरापर्यंत ओघळतं, चष्म्यावर पडतं, केसांत जातं. एवढं सोसता येतं. पण बेअरिंगची फट मोजायला प्लास्टिगेजची तार (कॅप आवळल्यावर चपटी होणारी मऊ तार) ठेवावी तर तिला तेल चालत नाही, ती विरघळते आणि रुंदीवरून घेतलेलं माप खरं राहत नाही. दर वेळी पुसा, तार ठेवा, थेंब पडायच्या आत कॅप कसा.

आणि शेवटी चेंबर बसवायची वेळ येते. कॉर्कचं पॅकिंग असो की नुसतं सिलिकॉन, ब्लॉकची खालची कडा पूर्ण कोरडी हवी. तेलाचा नुसता ओशटपणा राहिला तरी सिलिकॉन धातूला धरत नाही. मी गाडीखाली उताणा पडून ब्रेक क्लीनर मारायचो, कापडाने कडा पुसत पुढून मागे जायचो, आणि मागच्या कोपऱ्यात पोहोचेपर्यंत पुढच्या कोपऱ्यात नवा थेंब लोंबत असायचा. फुंकर मारून, रात्रभर उघडं ठेवून, कडेला कापडाची वात लावून, सगळं करून झालं. गाडी सुरू झाली, करूळचा घाट पूर्वीपेक्षा मोकळेपणाने चढली, आणि काही आठवड्यांनी चेंबरच्या मागच्या बाजूने पाझरायला लागली. पुन्हा पाय सोडा, पुन्हा इंजिन उचला, पुन्हा तेच थेंब. इंजिन आतून निरोगी आहे आणि तरीही दारात रोज सकाळी डाग पडतोय, याचा मला फार त्रास झाला. एवढी मेहनत घेतलेली गाडी कोरडी असावी, एवढीच इच्छा होती.

इंजिन स्टँडवर लावून उलटं केलं की हा प्रश्नच राहत नाही. चेंबरची कडा वर येते, तेल उताराकडे जातं, तुम्ही उभ्याने, उजेडात, शांतपणे सिलिकॉनची रेघ ओढता. माझं दुसरं इंजिन आजवर पाझरलेलं नाही. त्यात नशिबाचा भाग असेलही, पण कोरड्या कडेचा वाटा जास्त आहे असं मला वाटतं.

होनिंगचीही, म्हणजे सिलिंडरच्या भिंती दगडाने घासण्याचीही, तीच गोष्ट. नव्या रिंगांना सिलिंडरच्या भिंतीवर आडव्या-तिरक्या रेघा लागतात. त्या मारताना दगडाची बारीक पूड पडते, आणि इंजिन गाडीत असेल तर ती थेट खाली क्रँकवर जाते. कापड कोंबून बरीचशी अडवता येते, सगळी नाही. ही पूड डिझेलने धुतली तर भिंतीच्या छिद्रांतच बसते. गरम पाणी, साबण आणि ब्रश, मग लगेच कोरडं करून तेलाचा हात, हीच खरी धुलाई. गाडीत बसलेल्या ब्लॉकमध्ये बादलीभर साबणाचं पाणी कोण ओतणार? बाहेर काढलेल्या ब्लॉकला मात्र अंगणात मनसोक्त आंघोळ घालता येते.

मागच्या ऑइल सीलबद्दल थोडक्यात सांगतो. ते ब्लॉक आणि फ्लायव्हीलच्या मध्ये असतं. जुन्या गाडीत ते कधीतरी जातंच, आणि तेल क्लच प्लेटवर गेलं की क्लच घसरतो. इंजिन बाहेर असताना ते सील, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ब्लॉकच्या मागच्या बाजूच्या गंजलेल्या वेल्च प्लगचं (पाण्याच्या वाटेवरच्या पत्र्याच्या बुचाचं) काम एका दुपारचं. नंतर करायचं म्हटलं तर गिअरबॉक्स उतरवणं आलं.

इंजिन बाहेर घेण्याची बाजू वाईट कुठे आहे? परत बसवताना. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या दातांत जायला नकार देतो आणि अर्धा इंच फट उरते. तिथे बोल्ट आवळून ओढायचा मोह होतो. तसं करू नका, बेलहाउसिंग तडकते. प्लेट नीट सेंटरला असेल, इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत असतील, गाडी गिअरमध्ये टाकून पुढच्या पुलीने क्रँक हळूहळू फिरवला, तर दात आपोआप सापडतात. एसीचा कॉम्प्रेसर बहुतेक गाड्यांत पाइपसकट सोडवून बाजूला बांधता येतो, गॅस काढावा लागत नाही. वायरींना चिकटपट्टीची लेबलं लावा, आधी मोबाइलवर भरपूर फोटो काढा. कॉमन रेल इंजिन असेल तर उघड्या पडलेल्या प्रत्येक डिझेल पाइपच्या आणि नोझलच्या तोंडाला लगेच स्वच्छ टोपण घाला. हजार बारच्या वर चालणाऱ्या त्या यंत्रणेला धुळीचा कणही सोसत नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांना एवढं नाजूकपण नाही, आणि घरी शिकायला म्हणून ती मला जास्त आवडतात.

जागा मात्र लागते, आणि छत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याकडे हेड किंवा ब्लॉक दिला की तो त्याच्या सवडीने परत येतो. तोवर गाडी आणि इंजिन दोन ठिकाणी पडून राहतात. कोल्हापूरच्या पावसात उघड्यावर हे शक्य नाही. दिवाळीनंतर सुरू करून उन्हाळ्याआधी संपवायचं, असंच ठरवा.

गाडीत थोड्या सुधारणाही करायच्या असतील, तर माझं मन आणखी या बाजूला झुकतं. इंजिनाच्या पायांचे नवे रबर, जाड अर्थ केबल, चांगला रेडिएटर, खरं ऑइल प्रेशर दाखवणारं मेकॅनिकल गेज हे सगळं मोकळ्या जागेत सुखाने होतं. इंजिनच बदलण्याचा किंवा मोठं बसवण्याचा विचार असेल तर हात आवरा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल मनाने करता येत नाही, आणि ब्लॉक बदलला तर इंजिन नंबर बदलतो, म्हणजे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद आली. आपलाच ब्लॉक दुरुस्त करण्यात ही भानगड नाही. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करायला जाल तेव्हा गाडीची तपासणी होते, म्हणून इंजिन बाहेर असतानाच नंबरवरची काजळी काढून तो वाचता येईल असा ठेवा. धुराचंही तेच. बीएस ४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना पीयूसीत ६५ हार्ट्रिजची (धुराच्या गडदपणाचं माप) मर्यादा आहे, आणि रिंगा, नोझल नीट झालेलं इंजिन तिच्या बरंच आत राहतं.

ठरवण्यापूर्वी एक गोष्ट नक्की करा. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, खाली जा, आणि चेंबर इंजिन न उचलता सरळ खाली येईल का ते बॅटरीच्या उजेडात पाहा. येत असेल, काम फक्त रिंगा-वॉल्व्हचं असेल, मागचं सील कोरडं असेल आणि घरी छत नसेल, तर गाडीतच करा, चांगलं होईल. यातली एखादी अट जरी बसत नसेल तरी मी चेन पुली भाड्याने आणेन. फिरणारा स्टँड विकत घ्यायचा तर ४५० किलोचा घ्या, किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड अँगलचा बनवून घ्या, चाकं मात्र लोखंडी आणि ब्रेकवाली लावून घ्या. आणि पहिल्या स्टार्टला डिझेल बंद ठेवून सेल्फ थोडा थोडा मारत राहा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतरच डिझेल सुरू करा.