ख्रिस्ती माणसाने मतदान करायलाच हवं का? ठाणे-नवी मुंबईतल्या मतदारासाठी तीन भूमिकांची तुलना

निवडणूक जवळ आली की नेरूळच्या आमच्या मराठी मंडळीत (चर्चमध्ये) उपासना संपल्यावर हा प्रश्न हमखास निघतो. मतदान हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे, की तो नुसता हक्क आहे, वाटलं तर वापरावा? आपल्या भागात याचं एकच उत्तर मिळत नाही, कारण आपण सगळे एका परंपरेचे नाही. ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जाणारी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडची मूळची कॅथलिक, कुटुंबं आहेत. नगर-जालन्याकडून नोकरीसाठी आलेले मराठी ख्रिस्ती आहेत, केरळ-मंगळूर-गोव्याचे लोक आहेत, शिवाय मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, ब्रदरन अशा लहान-मोठ्या मंडळ्या. यांच्यात सोयरिकी होतात, आणि मग एकाच घरात सासू एक सांगते, सून दुसरं ऐकून आलेली असते. पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलाने कोणाचं ऐकायचं? त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

माझा कल आधीच सांगते: मत द्यावं. पण न देणाऱ्यांची बाजूही मी आदराने मांडणार आहे, कारण ती आळसातून आलेली नाही.

कॅथलिक शिकवण: नैतिक बंधन

इथे संदिग्धता नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातला 2240 वा परिच्छेद कर भरणं, मतदानाचा हक्क बजावणं आणि देशाचं रक्षण करणं या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात नैतिक बंधन म्हणून सांगतो. त्याआधी 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही मतदानाला हक्क आणि कर्तव्य असं दोन्ही म्हटलं होतं. कारण दिलं आहे सर्वांच्या हिताचं: समाजात राहतो, त्याचं पाणी पितो, त्याच्या रस्त्यावरून चालतो, तर त्याचा भार उचलण्यात वाटा घ्यायला हवा. कोणाला मत द्यायचं हे मात्र फादर सांगत नाहीत. चर्चच्या कायद्यात धर्मगुरूंनी पक्षीय राजकारणात सक्रिय भाग घेऊ नये असं आहे.

तरी इतिहासातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. याच चर्चने 1868 मध्ये इटलीतल्या कॅथलिकांना संसदेच्या निवडणुकीत मतदान करू नका असं सांगितलं होतं. इटलीच्या नव्या राज्याने पोपच्या ताब्यातला बराच प्रदेश घेतला होता, त्याचा तो निषेध होता. गंमत म्हणजे नगरपालिकांच्या मतदानाला मनाई नव्हती. 1905 मध्ये ही बंदी सैल झाली आणि 1919 मध्ये पूर्ण उठली. म्हणजे मतदानाचं कर्तव्य परिस्थितीपासून तोडून पाहता येत नाही, हे चर्चच्याच अनुभवात आहे. मला ही कॅथलिक भूमिकेची कमजोरी वाटत नाही. कर्तव्य आहे म्हणूनच ते थांबवायला एवढं मोठं कारण लागलं.

अलिप्त राहणारे

दुसऱ्या टोकाला ब्रदरन मंडळ्यांतले अनेक लोक आहेत, आणि त्यांच्या आधी सोळाव्या शतकातले ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे धर्मसुधारणेच्या काळातला एक पंथ. 1527 च्या श्लाइटहाइम कबुलीजबाबात त्यांनी लिहून ठेवलं की ख्रिस्ती माणसाने शासकाचं पद स्वीकारू नये. तलवार चालवणं हे शासनाचं काम, आणि ते ख्रिस्ताच्या शिष्याचं नव्हे. आधार दोन. रोमी सुभेदार पिलातासमोर प्रभू येशू म्हणाला, माझं राज्य या जगाचं नाही. आणि प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलं की आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे.

या भूमिकेचा प्रामाणिकपणा मला भावतो. मतासाठी पैसे आणि भेटवस्तू वाटल्या जातात, जातीची गणितं मांडली जातात, तेव्हा मी यात नाही असं म्हणणारा माणूस गंभीर असतो. असे लोक अधिकाऱ्यांसाठी नेमाने प्रार्थना करतात, कर चुकवत नाहीत, रात्री-अपरात्री रुग्णालयात शेजाऱ्याच्या उशाशी बसतात. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं सांगितलं आहे, आणि ते वचन मतदान करणाऱ्यांपेक्षा हेच जास्त पाळतात असा माझा अनुभव आहे.

पण पौलाचंच पाहा. स्वर्गातल्या नागरिकत्वाविषयी त्याने ज्या फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं, त्याच शहरात त्याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचं ठरवलं, तेव्हा तो अडून बसला. आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. पुढे यरुशलेममध्ये फटके बसायच्या आधी त्याने पुन्हा नागरिकत्व सांगितलं, आणि शेवटी कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. स्वर्गाचा नागरिक असल्यामुळे त्याने पृथ्वीवरचा हक्क टाकून दिला नाही. फिलिप्पैमध्ये त्याने तो वापरला, तेव्हा मागे राहणाऱ्या नवख्या मंडळीलाही त्याचं संरक्षण मिळालं असेल असं मला वाटतं.

शास्ते पुस्तकाच्या नवव्या अध्यायातली योथामाची झाडांची गोष्टही इथे आठवते. राजा व्हा म्हणून झाडं जैतुनाकडे गेली, अंजिराकडे गेली, द्राक्षवेलीकडे गेली. प्रत्येकाला आपापल्या चांगल्या कामातून वेळ नव्हता. शेवटी काटेरी झुडूप राजा झालं आणि आल्याआल्या आगीची धमकी देऊ लागलं. ही गोष्ट पद नाकारणाऱ्यांची आहे, मत न देणाऱ्यांची नाही, हे मान्य. पण चांगले लोक मागे सरल्यावर जागा रिकामी राहत नाही, एवढं त्यातून दिसतं.

मधली वाट

मेथडिस्ट, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि बऱ्याच स्वतंत्र मंडळ्यांत पाळक (पास्टर) म्हणतात: शास्त्रात मतदानाची आज्ञा नाही, कारण तेव्हा सम्राट मताने निवडला जात नव्हता. कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला, हे वचन करासंबंधी आहे. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं आहे, त्यांना निवडा असं नाही. म्हणून मत न देणाऱ्याला कोणी पापी ठरवू नये. मात्र शेजाऱ्यावर प्रीती करण्याचं एक साधन हाती असताना ते का टाकायचं?

मला हीच मांडणी सर्वांत पटते, आणि तिच्यासाठी मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याचा सल्ला पुरेसा आहे. 6 ऑक्टोबर 1774 च्या रोजनिशीत त्याने मतदारांना तीन गोष्टी सांगितल्याची नोंद आहे. काही मोबदला न घेता सर्वांत योग्य वाटणाऱ्याला मत द्या. ज्याच्याविरुद्ध मत दिलं त्याची निंदा करू नका. आणि दुसऱ्या बाजूला मत देणाऱ्यांविषयी मनात कडवटपणा येऊ देऊ नका. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवडणुकीच्या दिवसांत जे चालतं ते पाहता मला तिसरी गोष्ट सर्वांत कठीण वाटते.

आपल्याकडे वजन कुठे पडतं

भारतीय ख्रिस्ती मतदाराच्या मागे एक वेगळा वारसाही आहे. 1935 च्या कायद्यात भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी वेगळ्या जागा होत्या. 1949 मध्ये संविधान सभेने धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द केल्या, आणि त्या बाजूने ठामपणे उभे राहिलेल्यांत सभेचे उपाध्यक्ष, बंगाली ख्रिस्ती एच. सी. मुखर्जी होते. आपण वेगळ्या यादीत नको, शेजाऱ्यांच्या रांगेत उभे राहू, असा तो निर्णय होता. त्यांनी एवढा विश्वास टाकल्यावर आपण रांगेत उभंच राहायचं नाही, हे मला जमत नाही. त्याच कारणाने फक्त ख्रिस्ती उमेदवार शोधत बसणंही मला पटत नाही. आणि कोणी पाळक वेदीवरून पक्षाचं नाव घेत असेल, तर 1988 च्या कायद्याने धार्मिक स्थळाचा राजकीय कामासाठी वापर करायला बंदी आहे, हे त्याला नम्रपणे सांगावं.

महापालिकेच्या बाबतीत तर मला शंकाच वाटत नाही. पाणी, कचरा, दवाखाने, आणि आपल्याला फार जवळचा विषय म्हणजे दफनभूमी. मृतांसाठी जागा पुरवणं महापालिकेच्या बंधनकारक कामांत येतं. नवी मुंबईत 2020 पासून कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. कोणाकडे जायचं हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनाच पडला. बाबेलला नेलेल्या यहुदी बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने त्या परक्या नगराचं हित पाहा असं लिहिलं होतं. आपल्याला तर आपलंच नगर आहे.

उमेदवार एकही पटत नसेल तर घरी बसण्यापेक्षा नोटा बरा. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो पर्याय आला. लोकसभा-विधानसभेत त्याने निकाल बदलत नाही, पण नाराजी मोजली जाते. घरी बसलेल्याची नाराजी आणि आळस यादीत सारखेच दिसतात. ब्रदरन विचाराच्या माणसाला मात्र नोटाचा उपयोग नाही, कारण त्याची हरकत उमेदवारांवर नसून सहभागावर आहे. त्याने घरीच राहावं, आणि का राहिलो हे आपल्या मुलांना सांगावं.

राहिला प्रश्न नाव कुठे आहे याचा. आपल्यातल्या अनेकांचं नाव अजून गावच्या यादीत असतं, आणि कायद्याने ते एकाच ठिकाणी असू शकतं. वर्षानुवर्षं जिथे राहता, तिथे ते हवं. वाशी-नेरूळ-ऐरोलीचे लोक ठाणे लोकसभा मतदारसंघात मत देतात, खारघर-कामोठ्याचे मावळमध्ये. घर बदललं असेल तर नमुना 8 भरायचा, पहिल्यांदा नोंदणी असेल तर नमुना 6. सतरा पूर्ण झालेल्यांना अर्ज आधीच करता येतो.