फोरट्रानचं क्लास(*) आठ महिने वापरल्यावर: ॲरे मोजलाच नाही, एरर आलीच नाही

आमचा पावसाच्या आकडेवारीचा कोड फोरट्रान ७७ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला, कमाल किंमत काढायचं सबरुटीन (कोडचा वेगळा तुकडा) एकच, ॲरे म्हणजे आकड्यांची रांग इंटिजर (पूर्णांक) असो की रिअल (दशांशाची), सगळे तिथेच जायचे. टाइप जुळतो का हे कंपायलरला सांगणारं मॉड्यूल नाही, इंटरफेस नाही, तो ॲरेचा मेमरीतला नुसता पत्ता पुढे सरकवणार. रिअल समजून वाचलेला इंटिजर १ म्हणजे १.४ई-४५, हे मी स्वतः प्रिंट करून बघितलंय. जीफोरट्रान १० या कंपायलरवर गेलो तर एकाच फाइलमधले वेगळ्या टाइपचे दोन कॉल बघून त्याने थेट एरर दिली. अलाव-आर्ग्युमेंट-मिसमॅचवाला फ्लॅग लावून भागलं असतं, पण मला ते पटलं नाही.

म्हणून फोरट्रान २००३ मधलं, कुठलाही टाइप चालवून घेणारं क्लास(*) घेतलं. सबरुटीन मॉड्यूलमध्ये, आर्ग्युमेंट क्लास(*) आणि आत सिलेक्ट टाइप, म्हणजे आलेल्या टाइपप्रमाणे वेगळा ब्लॉक चालवायचा. पहिले तीन महिने मी खूश होतो, जो येईल त्याला हेच वापर म्हणून सांगत होतो. लूप प्रत्येक टाइपला परत लिहावा लागतो, ते चालवून घेतलं.

मग जूनमध्ये एका स्टेशनची कमाल आधीच्या स्टेशनइतकीच आली, दशांशापर्यंत तीच. दोन दिवस डेटा तपासला, फाइल परत उतरवल्या, शेवटी सबरुटीनमध्ये प्रिंट टाकले तेव्हा कळलं की तो ॲरे ६४ बिट इंटिजर होता आणि माझ्या सिलेक्ट टाइपमध्ये ३२ बिट इंटिजर आणि दोन रिअल एवढेच. एकही ब्लॉक जुळला नाही तर फोरट्रान काहीच न करता पुढे जातो, एरर नाही, वॉर्निंग नाही, उत्तराच्या व्हेरिएबलमध्ये मागचीच किंमत बसलेली! काहीच न जुळल्यास चालणारा क्लास डिफॉल्ट ब्लॉक लिहून त्यात प्रोग्राम थांबवणारा एरर स्टॉप टाकायला हवा होता, पण ही आठवण माणसाने ठेवायची का?

आता जेनेरिक इंटरफेसवर आलोय, म्हणजे नाव एकच आणि टाइप बघून योग्य सबरुटीन कंपायलर निवडतो, ते फोरट्रान ९० पासून आहे. चार छोटी सबरुटीन, प्रत्येकात फक्त डिक्लेरेशन वेगळं, लूप एका फाइलमध्ये आणि चारही ठिकाणी इन्क्लूड, म्हणजे बदल एकाच जागी. मुद्दाम लॉजिकल (खरं-खोटंचा) ॲरे पाठवून बघितला, कंपायलरने तिथेच अडवलं, या जेनेरिकला जुळणारं सबरुटीन नाही म्हणून. ती ओळ बघून बरं वाटलं.

क्लास(*) टाकून दिलेलं नाही. वेगवेगळ्या टाइपचे ॲरे एकाच यादीत ठेवायचे असतील तर डिराइव्ह्ड टाइपमध्ये (आपण स्वतः बनवलेल्या टाइपमध्ये) तेच लागतं. मात्र माझ्याकडच्या प्रत्येक सिलेक्ट टाइपला आता क्लास डिफॉल्ट आहे, जुन्या फाइलींमधले सतरा राहिले होते, तेही काल रात्री बसून लिहिले.