‘साध्या प्लेयरवर पण चालेल’ म्हणाला आणि मी पैसे पाठवले

जुने मराठी सिनेमे डिस्कवर शोधणाऱ्यांनी हे जरूर वाचा, माझे १४५० रुपये गेलेत, तुमचे जाऊ नयेत.

आमच्या आप्पांचा जीव ‘पिंजरा’वर. १९७२ ला लागला तेव्हा ते विशीत होते, सायकलने तालुक्याला जाऊन तीनदा बघितला म्हणतात. पुढे स्वतः झेडपीच्या शाळेत मास्तर झाले, त्यामुळे श्रीराम लागूंचा तो मास्तर त्यांच्या मनात वेगळाच जाऊन बसलाय. घरी व्हीसीडीचा सेट होता, मीच पहिल्या पगारातून आणलेला, पण आता दुसरी चकती लावणी सुरू झाली की अडकते, चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि आवाज कर्रकर्र. तर यंदा आप्पांच्या वाढदिवसाला नवीन घ्यावी का असं डोक्यात आलं. महिनाभर घेऊ की नको चाललं होतं. नवरा म्हणाला मोबाईलवर शोधून दे, सापडेल की, पण आप्पांना मोबाईलवर सिनेमा बघायचा नसतो, त्यांना टीव्हीसमोर बसून, डिस्क स्वतःच्या हाताने घालून बघायचा असतो.

अशात सोशल मीडियावर एक पेज दिसलं. ‘पिंजरा, ब्लू-रे, रिस्टोर्ड एचडी, गाणी पूर्ण, इंग्रजी सबटायटल’. ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीच्या पुढची, जास्त स्वच्छ चित्राची डिस्क. कव्हरचा फोटो इतका छान की बस. २०१६ ला पिंजरा नव्याने साफ करून थिएटरात परत लागला होता हे मला माहीत होतं, म्हणून रिस्टोर्ड म्हटल्यावर शंकाच आली नाही. मनात म्हटलं त्याचीच डिस्क निघाली असणार. कोणी काढली, कधी काढली, हे विचारायचं सुचलंच नाही.

मेसेज करून एवढंच विचारलं की आमच्याकडे ब्लू-रे प्लेयर नाहीये, जुना डीव्हीडी प्लेयर आहे, काय करायचं. लगेच उत्तर आलं, “हो ताई, साध्या डीव्हीडी प्लेयरवर पण चालेल, टेन्शन घेऊ नका.” मला एवढा आनंद झाला की तिथेच यूपीआयने पैसे पाठवून मोकळी झाले, कॅश ऑन डिलिव्हरी नव्हतीच.

चोर तिथेच पकडला जायला हवा होता. ब्लू-रे साध्या डीव्हीडी प्लेयरवर चालतच नाही. डीव्हीडी वाचायला लाल लेझर लागतो आणि ब्लू-रेला निळसर जांभळा, त्याच्यावरूनच नाव पडलंय, आणि ब्लू-रेवर खुणा इतक्या बारीक असतात की लाल लेझरला त्या दिसतच नाहीत. म्हणजे तो ‘चालेल’ म्हणाला तेव्हाच ती ब्लू-रे नाही हे त्याने कबूल केलं होतं, फक्त मला कळलं नाही.

नऊ दिवसांनी कुरिअर आलं. डबी निळी, कव्हर मात्र प्रिंटरवर काढलेलं, ओलं बोट लागलं तर शाई पसरली. डिस्क उलटी करून बघितली तर खालची बाजू जांभळी. कारखान्यात छापलेली डीव्हीडी खालून चंदेरी किंवा फिकट सोनेरी दिसते, जांभळी असली तर ती घरी कॉम्प्युटरवर कोरी डिस्क घेऊन बर्न केलेली. भाच्याच्या लॅपटॉपला लावली तर अख्खा सिनेमा १.३ जीबी. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतं आणि ब्लू-रेच्या एका थरावर २५, आता तुम्हीच हिशोब करा.

आणि चित्र! सगळ्यांचे तोंड आडवे ताणलेले, संध्याबाई ओळखू येईनात, वर उजव्या कोपऱ्यात एक धुरकट चौकोन सिनेमाभर हलत नाही, तिथे चॅनेलचा लोगो पुसलेला. म्हणजे टीव्हीवर लागलेला सिनेमा कोणीतरी रेकॉर्ड केला, जिथे जाहिराती होत्या तिथे कापला, तिथे प्रत्येक वेळी आवाज दचकतो. एक लावणी तर अर्ध्यातून गायब. जगदीश खेबूडकरांचे शब्द, राम कदमांची चाल, उषाताईंचा आवाज, आणि हा माणूस मधूनच कात्री लावतो! आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “अगं, इथं ती फडात वळते ना, ते कुठं गेलं?” मला रडू आलं खरं सांगते.

रिस्टोर करणं म्हणजे निगेटिव्ह किंवा चांगली प्रिंट स्कॅन करून एकेक फ्रेम साफ करणं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे अडीच तासाच्या सिनेमात २ लाखाच्या वर. ते काम करणाऱ्यांच्या नावावर हे लोक असलं विकतात. आणि नुसतं ताणून एचडी होत नाही. आमच्या जुन्या व्हीसीडीचंच घ्या, तिचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं, त्याला ताणून एचडीचं १९२० बाय १०८० केलं म्हणून जे मुळात नाही ते येणार कुठून.

परत करायचं म्हटलं तर म्हणाला सील फोडलंय, घेणार नाही. मग म्हणाला २०० देतो, विषय मिटवा. मी नको म्हटल्यावर ब्लॉक. बँकेत विचारलं तर म्हणाले पेमेंट तुम्हीच पिन टाकून केलंय. मग १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली आणि १९३० वर पण, तो सायबर फसवणुकीचा नंबर, तिथे मात्र पैसे गेल्या गेल्या फोन करायचा असतो, मी बारा दिवस घालवले. पैसे अजून आले नाहीत.

आता मी कोणाकडूनही घेताना आधी डिस्कच्या खालच्या बाजूचा फोटो मागते, उजेडात काढलेला. आतल्या कड्यावर बारीक अक्षरं-आकडे उमटलेले असतात ते दिसायला हवेत. कव्हरच्या मागचा फोटो पण, कारण कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ प्रमाणे व्हिडिओच्या पाकिटावर सेन्सॉरच्या सर्टिफिकेटची प्रत, काढणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्क कोणाचे तेही छापावं लागतं. माझ्या डबीवर यातलं एकही नव्हतं. खरा विक्रेता फोटो दोन मिनिटात देतो. पुण्यात जुन्या बाजारातल्या एका काकांनी तर न मागता दिला, साधी जुनी डीव्हीडी आहे, एचडी वगैरे काही नाही असं स्वतःहून सांगितलं, १५० रुपये. रविवारी जाऊन तिथेच लावून लावणीपर्यंत बघणार आहे, मगच पैसे देणार.

ते पेज नाव बदलून परत चालू झालंय. कव्हरचा फोटो तोच आहे, डाव्या कोपऱ्यात टेबलावरची हिरवी बाटली दिसते, त्यावरून ओळखा.