होडीची ताडपत्री: मे ते ऑक्टोबर

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्याला लागून आमच्या मेव्हण्यांची थोडी जमीन आहे. तिथं माझी चौदा फुटी फायबरची होडी असते. वल्ह्याची, सेकंडहँड. गेल्या वर्षी तिच्यावर निळी प्लॅस्टिकची ताडपत्री टाकली होती, कांद्यावर टाकतात तसली. ती गणपतीपर्यंतही टिकली नाही, शेवटी बोट लावलं की पापडासारखी तुटायची. म्हणून यंदा एप्रिलअखेर आडगाव नाक्याकडे ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून मापाची करून घेतली. पीव्हीसी कोटिंग, ६५० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ६५० ग्रॅम), सोळा बाय दहा फूट, कडेनं दर दोन फुटांवर रिंग. शिलाई धरून ४,२०० रुपये. कोरडी असताना दहाएक किलो भरते, एकट्यानं ओढताना दम निघतो.

कापडाबद्दल तक्रार नाही. सहा महिन्यांत त्यातून थेंब झिरपला नाही. पण पाणी कापडातून येतच नाही, ते कापडावर साचतं, हे मला जूनमध्ये कळलं. पहिल्याच दमदार पावसानंतर गेलो तर दोन फळ्यांच्या मधे ताडपत्रीचं पोट सुटलेलं, त्यात बादल्यांनी पाणी आणि वर डासांच्या अळ्या वळवळतायत. हिशेब करून बघा: होडीचं तोंड साधारण सहा चौरस मीटर, त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६०० लिटर, म्हणजे ६०० किलो. त्र्यंबकच्या बाजूला पावसाळ्यात एका दिवसात एवढा पडणं नवलाचं नाही. होडी स्वतः दीडशे किलोचीही नाही.

मग मेव्हण्यांच्या जुन्या द्राक्षमांडवातला एक लांब बांबू आणला, होडीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोन कात्र्यांवर (फुलीसारख्या बांधलेल्या काठ्यांवर) आडवा टाकला आणि ताडपत्री त्यावरून घरासारखी दोन्हीकडे उतरवली. मधली उंची कडेपेक्षा दोन फूट जास्त. बांबूच्या पेरांवर सायकलची ट्यूब गुंडाळली, नाहीतर तिथंच कापड घासून जातं. होडीचं मागचं बूच काढून ठेवलं आणि पुढची बाजू विटांवर उचलून घेतली, म्हणजे चुकून आत गेलेलं पाणी आपोआप बाहेर. त्यानंतर पावसाचा त्रास संपला. चार हजारांच्या ताडपत्रीपेक्षा त्या फुकटच्या बांबूनं जास्त काम केलं.

वाऱ्याचं दुखणं त्याच्याही आधीचं. मेच्या अखेरीस एका संध्याकाळी वळीव आला. ताडपत्री तेव्हा नुसतीच टाकलेली, कडा सैल. वारा खाली शिरला, ती शिडासारखी फुगली आणि दोन रिंगा कापडासकट उपटल्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे नेहमीच्या वाऱ्यात चालणारी बांधणी वळवात चालेलच असं नाही. आता दोर होडीच्या पोटाखालून फिरवून दोन्ही बाजूंना जमिनीतल्या खुंट्यांना ताणलेत. आधी स्वस्तातला पिवळा प्लॅस्टिकचा दोर होता, उन्हानं त्याची कुसळं निघायला लागली. नायलॉनचा आठ मिलिमीटरचा घेतला. झटका बसला की तो थोडा ताणतो, त्यामुळे रिंगेवर एकदम भार येत नाही, पण भिजला की सैल पडतो, दर फेरीला आवळावा लागतो. घासण्याच्या जागी ठिबकच्या जुन्या १६ मिलिमीटरच्या नळीचे वीतभर तुकडे दोरावर ओवलेत. शेतात ढीगभर पडलेले असतात, बाजारात काही विकत घ्यायला जाऊ नका.

अमेरिकेत अटलांटिकच्या बाजूला वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. तिथले होडीवाले मोठं चक्रीवादळ यायचं असलं की आच्छादनं, शिडं, छत सगळं उतरवून ठेवतात, कारण वारा धरायला जितकं कमी तितकं बरं. हे वाचलं तेव्हा हसू आलं होतं, त्या दोन रिंगा गेल्यावर पटलं. आपल्याकडे अरबी समुद्रात वादळं मुख्यतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात. ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागजवळ किनाऱ्यावर चढलं आणि त्याचा वारापाऊस नाशिकपर्यंत पोचला होता. माझा नियम आता असा: हवामान खात्याचा वादळाचा इशारा असेल तर ताडपत्री काढायची, होडी उघडी राहू द्यायची. बूच काढलेलं असलं की पाऊस वाहून जातो.

होडी कुठं ठेवायची हा वेगळा घोळ. मेमध्ये पाणी इतकं मागं गेलेलं असतं की काठाशीच बांधावीशी वाटते. तसं करू नका. गंगापूरची क्षमता ५.६३ टीएमसी (अब्ज घनफूट), ते भरायला लागलं की काठ तुमच्याकडे चालत येतो. धरण पूर्ण भरल्यावर पाणी कुठवर येतं ते गावातल्यांना विचारा, त्याच्याही वर ठेवा. शहरात पूर आला की सगळे गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं ते बघतात, आम्ही वरच्या बाजूचे बघतो ते विसर्ग सुरू व्हायच्या आधीचं पाणी.

आता खरं सांगायचं तर ऑगस्टच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत ताडपत्री वापरलीच नाही. धरणात जाळी टाकणारे एक काका माझा बांबूचा खटाटोप येता-जाता बघायचे. एकदा थांबून म्हणाले, “ओ भाऊ, पालथी घाला ना सरळ. एवढा तंबू कशाला?” पालथी घालायला चार माणसं लागतात म्हणून मी टाळत होतो. त्यांनीच तीन जण बोलावले. पाच मिनिटांचं काम. खाली तीन ओंडके, वरून दोन दोर. दसऱ्याला उचलली तर आतून कोरडी ठणठणीत, फक्त एक धामण निघून गेली. तेवढ्या दिवसांत शेडमध्ये घडी करून ठेवलेल्या ताडपत्रीचा कोपरा उंदरांनी कुरतडला.

म्हणजे पैसे वाया गेले का? नाही. ऑक्टोबरच्या उन्हात फायबरचा रंग उडतो, हात फिरवला तर पांढरी भुकटी लागते. आता ती पालथ्या होडीवर सावलीसाठी टाकतो आणि मार्च ते मे तिचा खरा उपयोग होईल. तुमची होडी चार जणांना उलटता येत नसेल, इंजिन बसवलेलं असेल, तर अशीच शिवून घ्या, पण बांबूसकट.

दोरा पॉलिस्टरचाच मागा. माझी शिलाई शाबूत आहे, मात्र लोखंडी रिंगा गंजून कापडावर तपकिरी डाग पडलेत. पितळी बसवून द्यायला शिवणारा तयार आहे, रिंगा तुम्हीच आणा म्हणाला. दिवाळीनंतर नेईन, उपटलेल्या दोन आणि उंदरांचा कोपरा तेव्हाच होईल.