जर्मन बी१ (मधल्या पातळी) ची ऑनलाइन बॅच: चार तारे, पाचवा का कापला ते खाली

या क्लासवर नाराज असलेल्यांची तक्रार ठरलेली असते: "मॅडम शिकवतात कमी, आम्हालाच बडबडायला लावतात." मला नेमकं तेच आवडलं.

साधा हिशेब करा. बॅच १६ जणांची, तास ९० मिनिटांचा. मॅडम निम्मा वेळ बोलल्या आणि उरलेला वेळ सगळ्यांना सारखा वाटला, तर माणशी तीन मिनिटंसुद्धा येत नाहीत. त्यातली काही नाव पुकारल्यावर म्यूट काढण्यात जातात. जोड्या पाडल्या की त्याच ४५ मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला वीसेक मिनिटं तोंड चालवणं येतं. शिवाय गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेच्या बी१ परीक्षेत बोलण्याचा भाग सहसा दोघांचा मिळून असतो आणि पहिलंच काम असतं जोडीदाराबरोबर काहीतरी ठरवणं. म्हणजे तयारीही जोडीनेच झालेली बरी.

पण झूमवर जोड्यांसाठी नुसत्या वेगळ्या खोल्या (ब्रेकआउट रूम) उघडल्या म्हणजे झालं असं नाही. इथलं सगळ्यात चांगलं काम रेल्वेच्या वेळापत्रकाचं होतं. माझ्याकडे गाड्या सुटायच्या वेळा, जोडीदाराकडे प्लॅटफॉर्म आणि गाडी कुठे बदलायची ते. कागद एकमेकांना दाखवायचा नाही, आणि शेवटी दोघांनी मिळून एक प्रवास ठरवायचा. विचारल्याशिवाय गाडी पुढे सरकतच नाही! ऐकू आलं नाही की "वी बिटे?" म्हणावंच लागतं, अर्धवट वाक्य टाकलं की समोरचा चुकीची गाडी पकडतो, मग तेच पुन्हा नीट सांगावं लागतं. याउलट ज्या दिवशी "पर्यावरणावर चर्चा करा" असं काम आलं, त्या दिवशी एकटा बोलला, दोघे "या, या" (हो, हो) करत बसले आणि पाचव्या मिनिटाला सगळे मराठीत परीक्षेच्या तारखांवर आले. दोष गटाचा नव्हता, कामाचा होता. एकमेकांकडून काही हवंच नसेल तर बोलायचं कशाला?

"दुसऱ्याच्या चुका आपल्याला लागतील," ही भीती बॅचमध्ये बरेच जण बोलून दाखवतात. भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक मायकेल लाँग आणि पॅट्रिशिया पोर्टर यांनी १९८५ साली तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. शिकणारे आपापसात बोलताना जास्त चुका करतात असं त्यात दिसलं नाही, आणि दुसऱ्याची चूक उचलण्याचं प्रमाणही फार कमी निघालं. माझा अनुभव तसाच. एक जोडीदार "मी गेलो" साठी दर वेळी "इश हाबे गेगांगन" म्हणायचा; बरोबर आहे "इश बिन गेगांगन". मी "बिन" वरच राहिले. तो मात्र "हाबे" वरच राहिला असता. इथे मॅडमची पद्धत कामी आली. त्या कॅमेरा बंद ठेवून खोल्याखोल्यांतून फिरतात, मध्ये तोंड घालत नाहीत, आणि तासाच्या शेवटी ऐकलेली वाक्यं नावं न देता चॅटमध्ये टाकतात. दुरुस्ती आम्हीच करायची. "हाबे" वाल्याने आपलं वाक्य स्वतःच ओळखलं आणि सुधारलं.

आता कापलेला तारा. जोड्या झूमचं बटण पाडतं, मॅडम नाही. त्यामुळे कधी भरभर बोलणारा आणि जेमतेम ए२ (बी१ च्या आधीची पातळी) पार केलेला असे दोघे एकत्र येतात, आणि एकाचा तास वाया जातो. (कोणाचा, ते मी सांगत नाही.) चौघांचे गट तर बंदच करावेत. चौघांत एकाचं नेट हमखास "जातं". आम्ही सांगितल्यावर टिपणं घेणारा, वेळ बघणारा, शेवटी सगळ्यांना सांगणारा अशी कामं वाटली गेली, तेव्हा जरा फरक पडला. पण दोन आठवड्यांत ते पुन्हा विसरलं गेलं.

लेखनाच्या वह्या उशिरा तपासून मिळतात. व्याकरण ठीक.

कॅमेरा बंद करून ऐकत बसायचं असेल तर त्यांचाच रेकॉर्डेड कोर्स घ्या, या बॅचमध्ये येऊन जोडीदाराचा वेळ घालवू नका. बोलायचं असेल तर जरूर या. फक्त नाव नोंदवण्याआधी विचारून घ्या, या वेळी जोड्या कोण पाडणार.