पातळ काप की रासायनिक पृथक्करण?
साताऱ्याच्या पोरांना बेसाल्ट शिकवावा लागत नाही. यवतेश्वरच्या घाटात सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा उघडाच पडलाय. एम.एस्सी.ला तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीसारखी थरांची अंतर्भेदी राशी (जमिनीखालीच थिजलेला शिलारस, म्हणजे मॅग्मा) समोर आली की मात्र पंचाईत होते. बाजूचा काळा अँफिबोलाइट (उष्णता-दाबाने रूपांतरण झालेला खडक) त्याच शिलारसातला, की आधीचा बेसाल्ट नंतर भाजून निघालेला?

हे ठरवायच्या वाटा दोन: खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, किंवा रासायनिक पृथक्करण करायचं. पातळ काप स्वस्त पडतो. ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासलेल्या चकतीत प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पार खनिजाचे स्फटिक एकमेकांना टेकून साचलेले दिसले, तर कौल अंतर्भेदी राशीकडे झुकतो. पण तीन स्फटिक भेटतात तिथे १२० अंशांचे सांधे दिसले म्हणून लगेच खूश होऊ नका. जास्त तापमानात खडक नव्याने स्फटिकतो तेव्हाही तेच सांधे तयार होतात, आणि मूळची वीण पार पुसली जाते.

तिथे रसायन कामी येतं. सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम रूपांतरणात इकडेतिकडे होतात, त्यांच्या भरवशावर राहायचं नाही. टायटॅनियम, झिरकोनियम, नायोबियम, यट्रियम बहुधा जागा सोडत नाहीत. प्लॅजिओक्लेज साचला असेल तर युरोपियम हे विरळ मृदा मूलद्रव्य आवर्तसारणीतल्या शेजारच्या मूलद्रव्यांपेक्षा आलेखात वर उचललेलं दिसतं.

खर्च सोडा, खरी गोम वेगळीच आहे. बेसाल्टच्या उगमाचे तयार आलेख द्रवरूप शिलारसासाठी बनवलेले असतात. साचलेल्या स्फटिकांचा खडक त्यांवर मांडला, तर उत्तर येतं, पण चुकीचं. म्हणून माझं मत आधी कापाला; नमुना शिरांपासून लांबचा घ्यायचा आणि पृथक्करणाला त्याच तुकड्याचा उरलेला भाग पाठवायचा.